मुलीसाठी हलकी बंदूक शोधावी का? १२ बोरच्या धक्क्याबद्दल विचारायचंय

सुदामानगरकर_इंदूर:

नमस्कार मंडळी. मुलगी सोळा वर्षांची आहे, तीन वर्षांपासून १० मीटर एअर रायफल करतेय, मधे टू-टू, म्हणजे .२२ ची छोटी रायफल, पण हाताळली. आता तिच्या डोक्यात ट्रॅपने घर केलंय, म्हणजे ते हवेत उडणारे मातीचे क्ले फोडायचं. गेल्या रविवारी पहिल्यांदा १२ बोर, म्हणजे छर्ऱ्यांची शॉटगन, चालवली, रेंजवरच, ओळखीतल्या एका गृहस्थांची जुनी दुनळी होती, त्यांच्या वडिलांच्या वेळची, ते स्वतः शेजारी उभे होते आणि रेंजवाले पण होते. दहा काडतुसं झाली आणि अकराव्याला पोरगी म्हणाली बाबा नको. घरी येऊन शर्टाची बाही वर केली तर हे एवढं निळं, वाटीएवढं. आजीने आंबेहळद लावली, हिची आई तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीये.

मुलगी ५१ किलोची आहे, पाच फूट दोन इंच. मला वाटलं की बंदूक तिला जड झाली म्हणून असं झालं, तर तिच्यासाठी हलकी बंदूक बघावी का, २० बोर वगैरे? आणि हा धक्का नेमका कशावर अवलंबून असतो हे कोणीतरी नीट समजावून सांगा, मी कॉमर्सवाला आहे. पोरीने खेळ सोडू नये असं मनापासून वाटतं पण तिचा खांदा मोडून नाही.

फिजिक्सवाली_ताई:

दादा, हलकी बंदूक अजिबात नका घेऊ, सगळ्यात आधी हे सांगते मग कारण सांगते, कारण ही चूक खूप पालक करतात आणि ती चूक प्रेमापोटीच होते.

मी अकरावी-बारावीला शिकवते. दोन आकडे ऐकून घ्या, कॉमर्सवाल्याला तर हिशोब लगेच कळेल. काडतुसातून पुढे जे काही जातं त्याचा संवेग, म्हणजे वजन गुणिले वेग, तेवढाच संवेग बंदुकीला मागे मिळतो. हा जमाखर्च आहे, इथे सूट नाही. ट्रॅपच्या काडतुसात छर्रे २४ ग्रॅम असतात, त्यांना धरून ठेवणारं प्लास्टिकचं वॅड साधारण ३ ग्रॅम, मिळून २७ ग्रॅम. वेग सेकंदाला ४०० मीटर धरा. ०.०२७ गुणिले ४०० म्हणजे १०.८. शिवाय बारूद जळून जो गॅस होतो तोसुद्धा पुढेच फेकला जातो, त्याचे साधारण ०.८. एकूण ११.६. आता हा ११.६ बंदुकीच्या वजनाने भागा. ट्रॅपची बंदूक साधारण ३.६ किलोची, तर ती मागे येणार सेकंदाला ३.२ मीटर वेगाने. तुम्ही जी हलकी शोधताय ती समजा २.७ किलोची, तर ४.३ मीटरने. आणि शरीराला जी ऊर्जा पचवावी लागते ती वेगाच्या वर्गावर जाते, त्यामुळे पहिल्या बंदुकीत सुमारे १९ ज्यूल आणि हलकीत २५. वजन चौथाई कमी केलं आणि मार एक तृतीयांशाने वाढला.

ज्यूलने काही कळत नाही हे मला माहितीय, वर्गात पण पोरं नुसती बघत बसतात, म्हणून असं बघा. ३.६ किलोची वस्तू अर्ध्या मीटरवरून खांद्यावर पडली तर जेवढं, तेवढं पहिल्या बंदुकीचं. २.७ किलोची जवळजवळ एक मीटरवरून पडली तर दुसरीचं.

तुमच्या मुलीच्या दुनळीत काडतूस कुठलं होतं? जुन्या बंदुका बहुतेक ३ किलोच्या आसपास असतात आणि लोक त्यात घरात असेल ते काडतूस घालतात. ३२ ग्रॅमवालं असेल तर हिशोब १५ वर जातो, भागिले ३ म्हणजे सेकंदाला ५ मीटर, साडेसदतीस ज्यूल. बरोब्बर दुप्पट! तीन किलोची थैली सव्वा मीटरवरून खांद्यावर, आणि असं दहा वेळा.

२० बोरचं पण हेच. नुसता बोर लहान झाल्याने (आकडा मोठा तेवढी नळी अरुंद) काही होत नाही, त्यात पण २४ ग्रॅम घातले आणि बंदूक मात्र हलकी, तर धक्का जास्तच बसणार.

महूचा_निवृत्त:

ताईंनी हिशोब पक्का सांगितला. मी इन्फंट्रीतून रिटायर झालो, आता महूलाच घर आहे, पोरांना एनसीसीच्या फायरिंगला बघत आलोय त्यामुळे दोन शब्द.

आमच्या उस्तादांचे तीन उसूल होते, मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, दुरुस्त ट्रिगर ऑपरेशन. (मराठी माणसाला शिस्त म्हटलं की वेगळंच आठवतं, फौजेत शिस्त म्हणजे नेम.) यात पकड पहिली आहे ती उगाच नाही. मी रिक्रूट होतो तेव्हा टू-टू वरून एकदम एसएलआर हातात आली, फौजेची मोठी रायफल, ७.६२ मिलिमीटर वाली. एक जण धक्क्याला घाबरून बट, म्हणजे दस्त्याचं मागचं टोक, खांद्यापासून बोटभर लांब धरायचा, त्याला वाटायचं लांब धरली तर लागणार नाही. त्याचाच खांदा सगळ्यात जास्त सुजला. कारण त्या बोटभर जागेत रायफल मोकळी पळते आणि पूर्ण वेगाने येऊन आदळते. बट खांद्याच्या खड्ड्यात घट्ट असेल तर रायफल एकटी मागे जात नाही, तुमचं शरीर तिच्याबरोबर जातं, म्हणजे रायफलचं वजनच वाढल्यासारखं होतं. मारायचं सोडून ती ढकलते. बांधकामावर खालून विटा फेकतात आणि वरचा मजूर झेलतो ते बघा, वीट हाताला लागली की हात तिच्याबरोबरच मागे नेतो. ताठ हाताने झेलली तर बोटं जातील.

आता मला सांगा, निळं नेमकं कुठे पडलंय? खांद्याच्या खड्ड्यात की दंडावर? आणि गालावर काही लागलं का? ती उभी कशी होती? एअर रायफलवाली आहे म्हणून मला शंका येतेय.

सुदामानगरकर_इंदूर:

काका, निळं दंडावर आहे, बाहेरच्या बाजूला, खांद्याच्या जवळ पण दंडच म्हणायचं. गालाचं हाड लाल झालं होतं, संध्याकाळपर्यंत गेलं. उभी अशी होती की कंबर पुढे आणि पाठ मागे, जशी एअर रायफलला उभी राहते तशीच, कोच तेच शिकवतात ना. काडतुसाच्या डब्याचा फोटो मुलीने काढला होता, आत्ता बघितला, ३२ लिहिलंय. दस्त्याला मागे रबर वगैरे काही नाही, नुसतं लाकूड. ताई तुम्ही न बघता कसं सांगितलंत!

शॉटगन_भोपाळ:

काकांनी नेमका प्रश्न विचारला, धक्का कुठे लागला यावरून अर्धं निदान होतं. मी भोपाळला ट्रॅप करते, माहेर इंदूर, लोकमान्य नगर. पहिल्या वर्षी माझी पण हीच गत होती म्हणून सगळं सविस्तर लिहिते, लांब झालं तर वाचून घ्या.

दंडावर निळं याचा अर्थ बहुतेक वेळा दस्ता लांब आहे. पाच फूट दहा इंचाच्या माणसासाठी बनवलेला दस्ता पाच फूट दोनच्या मुलीच्या खड्ड्यात बसतच नाही, ती बंदूक वर आणते आणि बट घसरून बाहेर दंडावर टेकतो. दस्ता फार आखूड असेल तर उलटं, आपलाच अंगठा नाकावर येतो. आणि छातीच्या वरच्या बाजूला टोचल्यासारखा डाग पडला तर बटचं खालचं टोक रुततंय, बायकांना हे फार होतं, त्याला बटचा कोन बदलून घ्यावा लागतो.

गालाचं हाड लाल म्हणजे गाल दस्त्याला नीट चिकटलेला नव्हता. जुन्या दुनळीचा दस्ता नळीच्या रेषेपासून बराच खाली वाकलेला असतो. नळी वर, खांदा खाली, त्यामुळे धक्का सरळ मागे न जाता बंदुकीचं तोंड वर उचलतो आणि दस्ता येऊन गालावर बसतो. ट्रॅपच्या बंदुकीत दस्ता जवळजवळ सरळ रेषेत असतो आणि दोन नळ्या एकाखाली एक असतात, पहिली गोळी बहुतेक सगळे खालच्या नळीतून मारतात कारण ती खांद्याच्या रेषेच्या जास्त जवळ, तोंड कमी उडतं आणि त्याच क्लेवर दुसरी गोळी लवकर मारता येते.

उभं राहण्याचं तर विचारूच नका. एअर रायफलमध्ये आपण मागे झुकतो, कंबरेवर कोपर टेकवतो, सगळं वजन हाडांवर सोडून पुतळ्यासारखं उभं राहायचं असतं. तिथे हे चालतं कारण तिथे धक्काच नाही, अर्ध्या ग्रॅमचा छर्रा आणि साडेचार किलोची रायफल, ती मागे सरकते सेकंदाला दोन सेंटिमीटरने. शॉटगनला अगदी उलटं, पुढच्या पायावर वजन, गुडघा किंचित सैल, नाक पुढच्या पायाच्या बोटांवर येईल एवढं पुढे. मुलगी मागे झुकून उभी होती म्हणजे तोल आधीच मागे गेलेला, वरून ३२ ग्रॅम. तरी दहा काडतुसं उभी राहिली! माझ्याकडून तिला शाबासकी सांगा, मी खरंच मनापासून म्हणतेय.

आता काय करायचं. अंगावर बसणारी बंदूक, म्हणजे लांबी कमी केलेला किंवा ॲडजस्ट होणारा दस्ता, मागे चांगलं रबरी पॅड. बंदूक ३.५ किलोच्या आसपास असू दे, वजन पेलायला एअर रायफलच्या तीन वर्षांचे खांदे आहेतच तिच्याकडे. काडतूस २४ ग्रॅमच, स्पर्धेत पण त्यापेक्षा जास्त चालत नाही, आणि सुरुवातीला २१ ची मिळाली तर आणखी छान. एका दिवशी पंचवीसच्या वर नको. दंड निळा आहे तोवर बंदूक हातात देऊच नका, दुखऱ्या जागेवर पुन्हा लागलं की जी भीती बसते ती निळं गेल्यावर पण जात नाही.

तोपखाना_मोहल्ला:

मी काही नेमबाज नाही पण तोपखान्यात लहानाचा मोठा झालो म्हणून हा विषय बघून राहवलं नाही. जुन्या तोफा उडाल्या की चाकांवरून काही फूट मागे जायच्या, मग गोलंदाज मंडळी ढकलून परत जागेवर आणणार, परत नेम धरणार, तेव्हा कुठे पुढचा गोळा. १८९७ ला फ्रेंचांनी ७५ मिलिमीटरची तोफ आणली, तिच्यात नळी एकटी मागे सरकायची आणि तेल आणि दाबलेल्या हवेच्या जोरावर आपली आपण परत पुढे यायची, गाडा जागच्या जागी. त्यामुळे मिनिटाला पंधरा-पंधरा गोळे मारता यायला लागले. म्हणजे धक्का झेलायची सोय केली आणि युद्धच बदललं.

यावरून विचारतो, शॉटगनला तोंडाशी भोकं पाडून गॅस बाजूला सोडतात म्हणे, मुलीच्या बंदुकीला ते केलं तर?

फिजिक्सवाली_ताई:

फार चांगला प्रश्न. रायफलला त्याचा खूप उपयोग होतो, शॉटगनला फार थोडा. का ते बघा. काकांच्या एसएलआरमध्ये गोळी साडेनऊ ग्रॅमची आणि बारूद ३ ग्रॅमच्या जवळपास, आणि तो गॅस गोळीपेक्षा जोरात बाहेर येतो, म्हणजे एकूण धक्क्यातला तिसरा हिस्सा एकट्या गॅसचा. तो बाजूला वळवला तर फरक पडणारच. शॉटगनमध्ये ११.६ पैकी गॅसचे फक्त ०.८, शेकडा सात. तो सगळा वळवला तरी सातच वाचतील, आणि आवाज मात्र शेजारच्यांच्या कानावर येणार.

गंमत म्हणजे एसएलआरचा एकूण संवेग पण ११.६ च्या आसपासच निघतो, २४ ग्रॅमच्या काडतुसाएवढाच. पण ती ४.४ किलोची, शिवाय गॅसवर चालणारी, आत ब्रीच ब्लॉक (नळीचं मागचं तोंड बंद करणारा लोखंडी ठोकळा) मागे-पुढे होतो त्यामुळे तोच धक्का थोडा पसरून येतो. शॉटगनमध्ये पण गॅसवर चालणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिक असतात, त्या खांद्याला मऊ लागतात ते याचमुळे, एकूण बेरीज तीच राहते, वेळ वाढतो. रबरी पॅड पण तेच करतं.

महूचा_निवृत्त:

बेरीज शून्य करायची असेल तर मागून पण तेवढंच फेकावं लागतं ताई. ८४ मिलिमीटरची आमची आरसीएल, म्हणजे खांद्यावरची बिनधक्क्याची तोफ, तशीच, गोळा पुढे आणि गॅस मागून, खांद्यावर ठेवून मारा, धक्का नाही. पण मागे कोणी उभं असेल तर त्याचं काही खरं नाही, त्यामुळे फायरच्या आधी मागे वळून बघणं हा पहिला धडा. खेळात त्याचा काही उपयोग नाही, आठवलं म्हणून लिहिलं.

शॉटगन_भोपाळ:

एक गोष्ट राहिली होती आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आवाज. एअर रायफलवाल्या मुलीला आयुष्यभर टप् असा आवाज ऐकायची सवय, तिच्या कानापाशी १२ बोर फुटली की शरीर दचकतं आणि मेंदू तो आवाज आणि तो मार एकत्र बांधून ठेवतो. पुढच्या वेळी ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, नळी खाली जाते. छर्रे नळीतून बाहेर पडायला तीन मिलिसेकंद पण पुरतात, तेवढ्या वेळात बंदूक पाच-सहा मिलिमीटर मागे सरकलेली असते, बस्स. माणसाला काही जाणवून हालचाल करायला दोनशे मिलिसेकंद लागतात. म्हणजे धक्क्याने क्ले चुकत नाही हो, तो येईपर्यंत छर्रे गेलेले असतात. धक्का येणार या धास्तीने चुकतो.

म्हणून कानात प्लग आणि त्यावर कान झाकणारे मफ, दोन्ही. माझ्या कोचनी आणखी एक केलं होतं. मी पाठ फिरवून उभी राहायचे, ते बंदुकीत कधी खरं काडतूस घालायचे कधी डमी, आणि बंद करून माझ्या हातात द्यायचे. मला माहीत नसायचं आत काय आहे. नळी रेंजच्या दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर, सगळे नियम खऱ्या काडतुसाचेच. डमी असेल आणि मी ट्रिगर दाबला की नळीचं तोंड असं वीतभर खाली जायचं, मी स्वतः बघितलं, शरम वाटली नाही, उलट सुटल्यासारखं झालं, कारण तोवर मला वाटायचं माझा नेमच वाईट आहे. तीन आठवड्यांत ते तोंड स्थिर व्हायला लागलं. हे घरी नाही करायचं, कोचच्या हाताखाली रेंजवरच.

आणि मुलीच्या आईला सांगा, भोपाळचीच मनीषा कीर, तिने २०१८ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ज्युनिअर ट्रॅपचं सिल्व्हर आणलं. मध्य प्रदेशातून मुली या खेळात वर जातात.

सुदामानगरकर_इंदूर:

मंडळी, पाच आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला माफ करा. दंड पूर्ण बरा होऊ दिला, पंधरा दिवस लागले. त्या काळात मुलगी घरात आरशासमोर नुसती उभी राहायची सवय करत होती, वजन पुढच्या पायावर, हातात काठी, तिची आजी येता-जाता विचारायची काय चाललंय हे. ताईंचा हिशोब मी तिला वहीवर करून दाखवला, तिने तोच एअर रायफलचा करून बघितला आणि म्हणाली बाबा म्हणजे मी तीन वर्षं धक्का नसलेल्या जगात होते.

आम्ही बंदूक विकत घेतली नाही अजून. कोचनी एक ट्रॅपची बंदूक दिली सरावाला, ३.६ किलोची, दस्ता आखूड होणारा, पॅड असलेली. २४ ग्रॅम. मी मागे उभा होतो, माझेच हात घामेजले होते. पहिलं काडतूस उडालं, ती मागे वळली, मला वाटलं आता नाही म्हणणार, तर म्हणे एवढंच? मग पंचवीस मारली. सात फुटली. डमीवाला प्रकार केला तेव्हा नळी खाली गेली, भोपाळच्या ताई म्हणाल्या अगदी तशीच, पण तिला आधीच सांगून ठेवलं होतं त्यामुळे ती रडली नाही. घरी आल्यावर आईने पहिलं काम काय केलं तर बाही वर केली. खड्ड्याच्या जागी थोडं गुलाबी होतं, रात्री जेवायला बसेपर्यंत गेलं.

एकच विचारायचंय, पंचविसातल्या शेवटच्या पाच-सहा काडतुसांना तिला पुन्हा जोरात लागायला लागलं म्हणते. बंदूक तीच, काडतूस तेच, मग असं का?

महूचा_निवृत्त:

हात दमले. दमले की बट खड्ड्यातून सुटायला लागतो, बोटभर जागा होते, वर लिहिलंच आहे. पुढचे काही दिवस अठरावर थांबवा, आणि दर काडतुसाआधी बट आत ओढून बसवायला सांगा. खांदा बटकडे न्यायचा नाही, बट खांद्याकडे आणायचा.